बाठा, बोंडू आणि पनीरची निवळी: वाचकांचे प्रश्न

फळप्रक्रियेच्या जमाखर्चावर या सदरात लिहिलं तेव्हापासून पत्रांचा सूर एकच आहे: आमच्याकडे अमुक इतका माल वाया जातो, त्याचं काय करता येईल आणि ते परवडेल का? त्यातली सहा पत्रं या अंकासाठी घेतली आहेत. माझी सगळी नोकरी रत्नागिरीकडच्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये झाली. आता बचत गटांबरोबर काम करते, त्यामुळे उत्तरं जरा कोकणाकडे झुकतील. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

ताई, आमचा बचत गट हापूसचा पल्प करतो. हंगामात रोज पाचशे-सहाशे किलो आंबा गाळला जातो. बाठे टाकायला ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो. बाठ्याच्या बीपासून चॉकलेटमध्ये घालायचं तूप निघतं आणि ते परदेशात महाग विकलं जातं, असा व्हिडिओ आम्हाला आला. त्यात तेल काढायचं मशीनही दाखवलं होतं. कर्ज काढून घ्यावं का?
— गटाच्या सचिव, राजापूर तालुका

मशीन घेऊ नका. का ते सविस्तर सांगते, कारण याच व्हिडिओबद्दल मला तीन तालुक्यांतून विचारणा झाली आहे.

व्हिडिओतली पहिली गोष्ट खरी आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटचे जे नियम केले, त्यांत कोको बटरशिवाय सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ ५ टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिली. त्या सहांत आंब्याच्या बाठ्यातली चरबी आहे आणि आपलं कोकमाचं तेलही आहे. म्हणजे सहांतली दोन झाडं तुमच्या परड्यात उभी आहेत. याचा अभिमान वाटला पाहिजेच, पण कर्ज काढण्याआधी वजनकाटाही बघितला पाहिजे.

एक टन आंबा गाळला की साधारण दीडशे किलो बाठे निघतात. त्यात निम्मं वजन वरच्या कवटीचं. आतली बी ओली असताना पाऊणशे किलो भरते, सुकवली की चाळीसच्या आसपास येते. त्या सुक्या बीत चरबी असते ८ ते १२ टक्के. म्हणजे टनामागे चार किलो, फार तर थोडी अधिक. तुमचा रोजचा सहाशे किलो आंबा आणि चाळीस दिवसांचा हंगाम धरला, तर सगळ्या मोसमात मिळून शंभर किलोच्या आसपास चरबी होते. तीही शेवटच्या थेंबापर्यंत काढता आली तर.

आणि ती काढता येत नाही, ही व्हिडिओत न सांगितलेली गोष्ट. त्यातलं मशीन म्हणजे दाबून तेल काढणारा एक्सपेलर. शेंगदाणा, तीळ, खोबरं यांत तेल भरपूर असतं, म्हणून दाबून निघतं. बाठ्याची बी म्हणजे मुख्यतः पिष्ट. ती दाबली की जवळजवळ सगळी चरबी पेंडीतच अडकून राहते. ती सोडवायला हेक्सेनसारखं द्रावक वापरणारा कारखाना लागतो. हेक्सेन पेट्रोलसारखं पेट घेतं. असा कारखाना गटाचा धंदा नव्हे. त्याला दिवसाला कित्येक टन सुकी बी हवी असते. आंध्रात चित्तूरकडे तोतापुरीच्या पल्पचे मोठे कारखाने एकमेकांना लागून आहेत, तिथे एवढे बाठे एका जागी सापडतात.

मग निदान बी सुकवून अशा कारखान्याला विकावी, असं तुम्हाला वाटेल. इथे आपलं हवामान आडवं येतं. कॅनिंगचा आंबा खरा येतो मेच्या उत्तरार्धात, आणि ७ जूनच्या आसपास पाऊस. बाठ्यांचा ढीग सगळ्यात मोठा असतो तेव्हाच ऊन संपतं. ढिगातला तीन-चार दिवसांचा बाठा कोयत्याने फोडून बघा. बीची कड तपकिरी झालेली असते, आंबूस वास येतो, बोटाला बुळबुळीत लागतं. त्या बीतली चरबी आतल्या आत फुटायला लागलेली असते. असा माल कारखानदार एक तर घेत नाही किंवा भाव पाडतो. ड्रायर लावून सुकवला तर सरपणाचा नि विजेचा खर्च चार किलो चरबीच्या डोक्यावर बसतो.

आता कोकमाकडे बघा. हंगाम जवळजवळ तोच. पण आमसुलं करताना निघालेली बी लहान असते, धुऊन राख लावली की दोन-तीन उन्हांत खडखडीत वाजते. पोत्यात भरून ठेवली की पावसाळाभर हलत नाही. सुक्या बीत चरबी जवळजवळ चौथा हिस्सा, आणि कवच काढलेल्या गरात तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त. आमच्या घरी मुठेल, म्हणजे मुठीत वळलेलं कोकमाचं तेल, पावसाळ्यानंतर, सवडीने व्हायचं. गर कुटून, पाट्यावर वाटून पाण्यात रटरट उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वर पांढरट थर धरलेला असे, तो काढून पुन्हा कढवायचा आणि कोमट असताना मुठीत वळायचा. थंडीत टाचांच्या भेगांना लावायला वर्षभर पुरायचं. तेच आज साबण आणि क्रीमवाले मागतात. माल टिकतो म्हणून विकणाऱ्याला दोन महिने थांबता येतं, आणि ज्याला थांबता येतं त्याच्या हातात भाव असतो.

तेव्हा तुमच्या गटाला माझं सांगणं: येत्या हंगामात गावातल्या आमसुलं करणाऱ्या घरांतून कोकमाची बी गोळा करा. एक्सपेलर घ्यायचाच असेल तर तो हिच्यासाठी घ्या, आणि तोही दोन-तीन गटांत मिळून. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत एका उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. तालुका कृषी कार्यालयात सध्याची स्थिती विचारा. अनुदान वजा करूनही धंदा तोट्यात दिसत असेल, तर अनुदानाने तो नफ्यात येत नाही.

बाठ्यांचं काय, तर आधी आसपासच्या रोपवाटिका फिरा. कोयकलमाला, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधायच्या कलमाला, बाठे ताजेच लागतात, सुकवायचे नसतात, आणि पेरणी होते ती जूनच्या तोंडावरच. रायवळाला पसंती असते, तरी विचारून बघायला काय जातं. पल्परमध्ये न ठेचलेले, हाताने काढलेले, धुतलेले बाठे दोन दिवसांत पोचवलेत तर ट्रॅक्टरचं भाडं तरी नक्की वाचेल. उरलेले शेणखतात.

नमस्कार मॅडम. आमचं घरगुती पनीर युनिट आहे. रोज २०० लिटर दूध लागतं. पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं ते आम्ही नाल्यात सोडतो, शेजारी वासाची तक्रार करतात. जिमला जाणारी पोरं व्हे प्रोटीनच्या डब्याला तीन-तीन हजार मोजतात. तेच प्रोटीन आम्ही रोज ओतून देतोय का?
— एक गृहिणी, करवीर तालुका, कोल्हापूर

नाही, तेच नाही. हे ऐकून तुमची हळहळ कमी होईल.

डब्यातलं व्हे प्रोटीन येतं चीजच्या निवळीतून. चीजसाठी दूध फार तापवत नाहीत, त्यामुळे निवळीतली प्रथिनं निवळीतच राहतात. पनीरसाठी तुम्ही दूध उकळीला आणता. त्या उष्णतेने ही प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि पनीरबरोबरच खाली बसतात. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला ती पनीरमध्येच मिळतात आणि तुमचा उताराही त्यामुळे वाढतो. उरलेल्या निवळीत प्रथिनं राहतात अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. तुमच्या रोजच्या १६० लिटर निवळीत फार तर पाऊण किलो. बाकी दूधसाखर सात-आठ किलो, थोडे क्षार, आणि सुमारे दीडशे लिटर पाणी.

ते पाणी हा खरा खर्च. साध्या चुलीवर एक किलो सरपण जेमतेम दीड लिटर पाणी उडवतं. दीडशे लिटर उडवायला शंभर किलो लाकूड जाळाल आणि हाती आंबट-खारट चिकट गोळा येईल, पावडर नव्हेच. मोठ्या चीज कारखान्यांना हे जमलं ते १९७०च्या दशकात पडद्यांतून गाळण्याचं तंत्र आलं तेव्हा, कारण त्यात पाणी उकळून घालवावं लागत नाही. ती यंत्रं रोज हजारो लिटर निवळी असलेल्यांसाठी.

पण नाल्यात सोडणं आजपासून थांबवा. निवळी कुजताना पाण्यातला प्राणवायू इतका खाते की घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत तिचा भार शंभर पटींहून जास्त धरतात. वास तिथूनच येतो, आणि उद्या तक्रार लेखी झाली तर दंड भरायला तुम्हीच.

तुमच्या मापाचे उपाय साधे आहेत. दहा-वीस लिटर निवळी झाकून रात्रभर ठेवा, आंबट होते. दुसऱ्या दिवशी सायट्रिक अ‍ॅसिडऐवजी तीच वापरून दूध फाडा. पनीर मऊ होतं आणि अ‍ॅसिडचा खर्च जातो. ताजी निवळी पोळीच्या कणकेला चांगली, खानावळवाल्यांना सांगून बघा. जिरं, पुदिना, सैंधव घालून थंड विकता येते, मात्र त्याच दिवशी. घरात गोबरगॅस असेल तर शेण कालवताना पाण्यातला काही हिस्सा निवळीचा ठेवा, एकदम सगळा नको, आंबटपणाने गॅस बंद पडतो. जनावरांना द्यायची तर गुरांच्या डॉक्टरांना विचारून, थोड्यापासून सुरुवात करून.

यातून पैसा असा फार येणार नाही. वाचेल तो मात्र रोज वाचेल.

ताई, माझी दोडामार्गला पाच एकर काजूची बाग आहे. दीड टन बी निघते. बोंडू झाडाखाली कुजतात. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते आणि आमच्याकडे मात्र माशा घोंघावतात. हे बघून जीव तुटतो. काय करावं?
— एक बागायतदार

तुमचा जीव तुटतो तसा माझाही तुटतो. मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याकडून सावंतवाडीला येताना एसटीच्या खिडकीतून जो गोडसर आंबूस वास येतो, तो कुजणाऱ्या बोंडूंचा असतो. संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असलेलं फळ ते.

गोव्यात जमतं त्याला कारण आहे. तिथे बोंडू काढणारा, भट्टी लावणारा आणि विकत घेणारा अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे आणि अबकारी परवाना त्या साखळीचाच भाग आहे. बोंडू मळून रस काढायचा, आंबवायचा, पहिल्या उकळीला हुर्राक, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे, तेव्हा तो विचार मनातून काढा. बोंडू तसेच गोव्यातल्या भट्टीवाल्याला विकणं तुमच्या गावाहून शक्य आहे. सीमा जवळ हा तुमचा मोठा फायदा, कणकवलीच्या माणसाला तो नाही.

आता हिशेब. बीच्या वजनाच्या सहा ते आठ पट बोंडू धरतात. तुमचे दहा टन झाले. ऐकायला प्रचंड. पण ते साठ-सत्तर दिवसांत विभागले तर रोज दीडशे किलो, आणि तेही पाच एकरांत, गवतात, मुंग्या लागलेले, पडताना फुटलेले. झाडावरून पडलेला बोंडू दुसऱ्या दिवशी खाण्यालायक राहत नाही. म्हणजे सकाळी दहाच्या आत वेचून, बी पिळून काढून, धुऊन, दुपारपर्यंत रस निघाला पाहिजे. हे काम करणारी बाई तीच, जी आज बी वेचते. तिच्या मजुरीत अर्ध्या दिवसाची वाढ झाली तर रसाच्या लिटरमागे किती पडते, हा आकडा आधी काढा. दीडशे किलोंतून चांगले निवडून शंभर किलो घेतले, तर साठेक लिटर रस मिळतो.

रसाची घशाला धरणारी तुरटी घालवणं ही दुसरी पायरी. साबुदाण्याची पातळ खळ, लिटरला पाचेक ग्रॅम साबुदाणा शिजवून, रसात ढवळायची आणि रात्रभर ठेवायचं. तुरटी खाली बसते, वरचा रस निवळतो, तो अलगद ओतून घ्यायचा. मग गरम करून, प्रमाणात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक) घालून कॅनमध्ये भरला की सरबत-सिरप वर्षभर सवडीने करता येतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात याच्या शिफारशी मिळतात, प्रत्यक्ष जाऊन बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पाच एकरांचा नाद करू नका. घराजवळची पंधरा-वीस झाडं निवडा, खालचं गवत काढा, जुनी जाळी अंथरा. मातीला न लागलेला बोंडू आणि मातीतून उचललेला बोंडू यांच्या रसात चवीला इतका फरक असतो की एकाला गिऱ्हाईक परत येतं, दुसऱ्याला येत नाही.

जाता जाता एक. तुमच्या बीचं टरफल मात्र कधीच वाया जात नाही. काजू कारखान्यात टरफलांपासून जे काळं, कातडी भाजणारं तेल काढतात ते गाड्यांच्या ब्रेक लायनिंगला, रंगाला, रेझिनला जातं. टरफल सुकं असतं, टिकतं, आणि बी फोडण्यासाठी आधीच कारखान्यात आलेलं असतं. वेचायला वेगळी मजुरी नाही. झाड तेच, पण बोंडू आणि टरफल यांच्या नशिबातला सगळा फरक एवढाच.

आमचं फरसाणचं दुकान आहे. तळून उरलेलं तेल घ्यायला एक माणूस येतो, किलोमागे बरे पैसे देतो, पावती देत नाही. दुसरी एक कंपनी बायोडिझेलसाठी मागते, ती थोडे कमी देते. कोणाला द्यावं?
— इचलकरंजी

पावती देणाऱ्याला. पहिला माणूस जास्त पैसे कुठून देतो याचा विचार करा. जळकं तेल बायोडिझेलपेक्षा महाग फक्त तिथेच विकलं जातं जिथे ते पुन्हा कढईत जातं, कुठल्या तरी गाडीवर, कुणाच्या तरी पोराच्या वड्यात. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते खाण्यासाठी वापरायला मनाई आहे, आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याचा 'रुको' उपक्रम सुरू केला. त्यात नोंदलेला संकलक आहे का ते तपासा आणि तेल दिल्याच्या पावत्या फाइलला लावून ठेवा. हे मी कळकळीने सांगते आहे.

काकू, मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकच्या वाइनरींमधून द्राक्षाचा चोथा घेऊन बियांचं तेल काढायचा प्रकल्प करतोय. चोथा ते टाकूनच देतात, म्हणून अहवालात कच्च्या मालाचा खर्च शून्य धरला आहे. मार्गदर्शक म्हणतात शून्य चालणार नाही. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थी

तुझे सर बरोबर आहेत. तू निवडलेला माल मात्र चांगला आहे, आधी ते सांगते.

नाशिकची बहुतेक द्राक्षं खाण्याची, बिनबियांची. बिया मिळतात त्या वाइनच्या जातींत. एक टन द्राक्षामागे दोनशे-अडीचशे किलो चोथा उरतो, त्यात बिया तीस ते पन्नास किलो, आणि त्यांतून तेल तीन ते पाच किलो. आकडा आंब्याच्या बाठ्यासारखाच लहान दिसतो ना? पण तुझ्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या कोकणात नाहीत. वाइनची तोड जानेवारी ते मार्च, म्हणजे नाशिकची कोरडी हवा आणि कडक ऊन. ताडपत्रीवर पसरलेला चोथा फुकटात सुकतो. शिवाय तो वाइनरीच्या आवारात एका जागी पडलेला असतो. बी लहान, टणक, चाळून वेगळी होते, दाबूनही तेल देते. सालीतला रंग आणि टॅनिन यांनाही बाजार आहे. नुसत्या तेलावर उभा राहू नकोस, साल आणि बी दोन्हीचा जमाखर्च मांड.

आता तुझं शून्य. साखर कारखान्यांच्या मळीचा इतिहास वाच. एक टन ऊस गाळला की शंभर-एकशे दहा किलो साखर मिळते, पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस (उसाचा चोथा) आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक). एके काळी मळी म्हणजे कारखान्याची डोकेदुखी होती, साठवायची कुठे हा प्रश्न. १९६१च्या मळी नियंत्रण आदेशाने तिचा भाव आणि वाटप सरकारने बांधून ठेवलं होतं. १९९३ साली नियंत्रण उठलं. मळीच्या टनाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं हे सगळ्यांना ठाऊक होतंच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण वाढत गेलं तशी मळी मालाच्या रांगेत जाऊन बसली. पुढे तर बी-हेवी मळीपासून (जिच्यात बरीच साखर मुद्दाम राहू दिलेली असते) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल होऊ लागलं, इतकं की डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या काळजीने केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. उपपदार्थाने मूळ पदार्थाची जागा मागायला सुरुवात केली होती. बगॅसचंही तेच. कारखाने तो स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळून वीज विकतात, त्यामुळे कागद गिरणीला तो स्वस्तात मिळेल ही आशा नको.

यातून तुझ्यासाठी धडा असा: ज्या दिवशी तुझं तेल बाजारात चालेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी वाइनरीचा मॅनेजर चोथ्याचा भाव सांगेल, आणि त्याचं चूक नाही. म्हणून अहवालात तीन परिस्थिती दाखव. चोथा उचलण्याबद्दल वाइनरीच तुला पैसे देते, फुकट देते, आणि तू पैसे देतोस. तिसऱ्या परिस्थितीत प्रकल्प किती भावापर्यंत तग धरतो, तो आकडा ठळक लिही. बँकेचा माणूस बाकीची पानं उलटून तिथेच येईल. आणि शक्य असेल तर तीन-चार वर्षांचा लेखी करार कर, आज चोथा नकोसा आहे तोवरच.

वाहतूकही शून्य धरलेली दिसते. ओल्या चोथ्याच्या ट्रकमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी असतं. सुकवणं आणि चाळणं वाइनरीच्या आवारातच करता येईल का, हे मालकाला विचार.

मी पुण्यात मेस चालवते. दोनशे मुलं जेवतात. रोज चाळीस-पन्नास किलो खरकटं आणि उरलेलं अन्न निघतं. बायोगॅस बसवला तर सिलेंडरचा खर्च किती वाचेल? विक्रेता म्हणतो दोन वर्षांत पैसे वसूल.
— कर्वेनगर

पन्नास किलो ओल्या खरकट्यातून साधारण पाच घनमीटर बायोगॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम एलपीजी. तेव्हा रोजचा सव्वादोन किलो एलपीजी वाचला, १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर आठ-नऊ दिवसांनी एक. महिन्याला साडेतीन सिलेंडर. तुमच्या शेवटच्या बिलातल्या भावाने गुणा, त्यातून खरकटं निवडणं, भरडणं, स्लरी हलवणं यासाठी लागणाऱ्या माणसाचा पगार वजा करा, आणि उरलेल्या रकमेने विक्रेत्याच्या किमतीला भागा. दोन वर्षं येतात का बघा. सुट्टीचे महिने धरायला विसरू नका. मुलं गावी गेली की संयंत्र उपाशी राहतं, पुन्हा चालू व्हायला वेळ घेतं.

तंत्राबद्दल शंका नको, ते पुण्यातच पिकलेलं आहे. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं. किलो-दोन किलो पिष्टमय किंवा गोड मालातून निघणाऱ्या गॅससाठी शेण चाळीस किलो लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि २००६ साली त्या कामाला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेण हे जनावराने आधीच पचवलेलं असतं, खरकट्यात ताकद शाबूत असते. स्लरीचं पाणी बागेला द्यायची सोय असेल तर उत्तम, सोसायटीच्या तळघरात बसवायचं असेल तर मात्र सोसायटीचा लेखी होकार आधी घ्या.

पण बाई, मला तुमच्या पत्रातला दुसरा आकडा खटकला. दोनशे मुलांमागे पन्नास किलो म्हणजे प्रत्येक मुलामागे पाव किलो. त्या पन्नास किलोंत तांदूळ, डाळ, तेल, भाजी, ती शिजवायला जाळलेला गॅस आणि तुमच्या मावशींचे श्रम सगळं आहे. त्यावर तुम्ही जे खर्च केलं, त्याच्या फार थोड्या भागाचा गॅस परत मिळतो. आठ दिवस तीन बादल्या वेगळ्या ठेवा: सोलणं-चिरणं करताना निघालेलं, पातेल्यात उरलेलं, ताटात टाकलेलं. रोज रात्री तिन्हींचं वजन भिंतीवर लिहा. पातेल्यातलं जास्त निघालं तर भाताचं माप कमी करा आणि दुसरा कुकर अर्ध्या पंगतीनंतर लावा. ताटातलं जास्त निघालं तर भात-भाजी वाढप्याकडून थोडी थोडी, दोनदा वाढायला लावा, आणि नावडती भाजी कोणती ते मुलांनाच विचारा. सालं-देठं तेवढीच राहिली तर संयंत्र अर्ध्या मापाचं पुरेल. विक्रेत्याला त्या आकड्यावर नवीन दरपत्रक मागा.